पोरीच्या ‘नको’ला घरात काय किंमत आहे?

प्रश्न: मावशी, नमस्कार. मी नाशिकची, बँकेत नोकरी करते, मिस्टरांचं हार्डवेअरचं दुकान आहे, सासूबाई आमच्याकडेच असतात. मुलगी नऊ वर्षांची, चौथीत, आणि मुलगा पाच वर्षांचा. मुलगी आधी खूप बडबडी होती पण गेले दोन-तीन महिने एकदम गप्प झालीये, अभ्यासाला बसवलं की ‘मी ढ आहे, मला काहीच येत नाही’ म्हणते, नखं कुरतडते. सासूबाई म्हणतात बोटांना कारल्याचा रस लाव. मिस्टरांचे एक मावसभाऊ दर रविवारी येतात, स्वभावाने मोकळे आहेत, मुलांना चॉकलेट आणतात, मुलीला ओढून मांडीवर बसवतात, गुदगुल्या करतात, पापी घेतात. मागच्या रविवारी ती एकदम ‘नको ना काका, सोडा’ असं ओरडली आणि बाथरूममध्ये जाऊन बसली. सगळे हसले. सासूबाई म्हणाल्या केवढी शिष्ट झालीये. मला चार लोकांत इतकं ओशाळल्यासारखं झालं की मी तिला बाहेर काढून काकांना सॉरी म्हणायला लावलं. तेव्हापासून मला नीट झोप नाही. मिस्टर म्हणतात तू राईचा पर्वत करतेस. तिचा कॉन्फिडन्स कसा वाढवू? कराटेला किंवा व्यक्तिमत्त्व विकास शिबिरात घालू का? आणि ते गुड टच बॅड टच तिला न घाबरवता कसं सांगायचं? मुलाला एवढ्यात सांगायची गरज नाही ना?
एक आई, नाशिक

उत्तर:

अगं, शिबिराचे पैसे तूर्त राहू देत. आज संध्याकाळी घरी गेलीस की आधी पोरीला सॉरी म्हण.

मोठं भाषण नको. तिच्या शेजारी बस आणि सांग की रविवारी तू काकांना नको म्हणालीस ते बरोबर होतं, मी तुला सॉरी म्हणायला लावलं ते माझं चुकलं, परत असं नाही करणार. संपलं. ती कदाचित काहीच बोलणार नाही, ‘बरं’ म्हणून टीव्ही लावेल, किंवा उलट तुझ्यावरच डाफरेल की आता काय उपयोग. तेही ऐकून घे. आईबाप मुलांना सॉरी म्हणत नाहीत अशी आपल्याकडे पद्धतच आहे, त्यामुळे म्हणताना जीभ जरा अडखळेल, पण म्हण.

आणि हे मी तुला वरून ओरडते आहे असं समजू नकोस. मी बत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, त्यातली शेवटची बरीच वर्षं मुलांशी बोलायचंच काम केलं, तरी माझ्या स्वतःच्या मुलाला मी पाहुण्यांसमोर उभा करून पाढे म्हणायला लावले आहेत, आत्याला पापी दे म्हणून ढकललंय, आणि तो पलंगाखाली जाऊन बसला तेव्हा ‘हा असाच आहे लाजाळू’ म्हणून सगळ्यांबरोबर मीही हसले आहे. त्याला आज चाळिशी आली, अजून ते आठवतं त्याला. मला वाटलं होतं विसरला असेल.

आता तुझ्या पत्राचं बघू. तू दोन प्रश्न विचारले आहेस, कॉन्फिडन्स कसा वाढवू आणि सुरक्षित कशी ठेवू, आणि मला वाचताना सारखं वाटत होतं की बाई हा एकच प्रश्न आहे. त्या रविवारच्या अर्ध्या तासात ती काय शिकली ते बघ ना. तिच्या अंगाला काहीतरी नकोसं वाटलं, तिने तोंडाने स्पष्ट सांगितलं, न ऐकल्यावर ओरडली, मग उठून निघून गेली, म्हणजे जे आपण पैसे भरून क्लासमध्ये शिकवायला बघतो ते सगळं त्या नऊ वर्षांच्या पोरीने स्वतःहून केलं, आणि त्याबद्दल तिला मिळालं काय तर मोठ्यांचं हसू, आजीचं ‘शिष्ट’, आणि आईने हाताला धरून बाहेर काढून माफी मागायला लावणं. आता उद्या व्हॅनमध्ये किंवा क्लासमध्ये कोणी काही केलं तर ती ओरडेल का? ओरडून काय होतं ते तिने बघितलंय. आणि ‘मला काहीच येत नाही’ हे तरी कुठून येतं मग? आपल्याला काय वाटतं ते खरं असतं का, आपण बोललेलं कोणी ऐकतं का, याचं उत्तर मुलं घरातूनच घेतात, आणि गणित अडलं की तेच उत्तर तोंडातून बाहेर येतं.

कराटेबद्दल: आवडत असेल तर जरूर घाल, अंग मोकळं होतं, भूक लागते, मैत्रिणी मिळतात. पण त्याने ती सुरक्षित होईल असं धरून चालू नकोस. अंधाऱ्या गल्लीतला अनोळखी माणूस हे आपल्या डोक्यातलं चित्र आहे. केंद्र सरकारच्या महिला आणि बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून एक मोठा अभ्यास केला होता, त्यात ५३ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचं लैंगिक शोषण सांगितलं, आणि करणाऱ्यांतली निम्मी माणसं मुलाच्या ओळखीची, विश्वासातली होती. बहुतेक मुलांनी तोवर कोणालाच सांगितलं नव्हतं. चॉकलेट आणणाऱ्या माणसाला पोर कराटे मारत नाही गं. त्याच्यापुढे ती गोंधळते.

असली माणसं काम कसं करतात ते तुला माहीत असावं म्हणून सांगते. एकदम काही करत नाहीत. आधी घरच्यांचा विश्वास मिळवतात, मुलाला काहीबाही आणून देतात, ‘तू माझी स्पेशल’ म्हणतात, मग सगळ्यांसमोर थोडं अंगचटीला येऊन बघतात, गुदगुल्या, चिमटे, मांडीवर घेणं, आणि त्या वेळी मुलाकडे जेवढं लक्ष असतं त्याहून जास्त मोठ्यांकडे असतं की कोणी हटकतंय का. कोणी हटकलं नाही, उलट मुलालाच गप्प केलं, की मग एकटं गाठायची सोय बघतात आणि एखादं छोटं गुपित ठेवायला लावतात, ‘आईला सांगू नकोस हं, ओरडेल ती’. ज्या मुलाकडे घरी कोणी लक्ष देत नाही, ज्याला आपण कोणाला नकोच आहोत असं वाटतं, ते मूल असल्या लाडाला पटकन भुलतं. म्हणून म्हटलं, दोन प्रश्न एकच आहेत.

काका तसेच आहेत असं मी म्हणत नाहीये, आणि तूही पत्रावरून तसं ठरवू नकोस. आपल्याकडे असे हजारो काका-मामा आहेत ज्यांना लाड करायची दुसरी रीतच माहीत नाही. पण ते चांगले आहेत असं सर्टिफिकेटही मी इथे बसून देऊ शकत नाही, आणि खरं सांगायचं तर तुला ते ठरवायची गरजही नाही. घराचा एक नियम कर, सगळ्यांसाठी: कोणीही ‘नको’ किंवा ‘बस’ म्हटलं की हात मागे. आई, बाबा, आजी, भाऊ, पाहुणे, सगळ्यांना लागू. तुझा मुलगा ताईचे केस ओढतो आणि ती नको म्हणते तेव्हाही लागू, आणि ती त्याला गुदगुल्या करते तेव्हाही. गुदगुल्यांचं एक लक्षात ठेव, पोर हसतंय म्हणजे त्याला आवडतंय असं नसतं, हसू आपोआप येतं, म्हणून हसण्याकडे न बघता शब्दाकडे बघायचं.

काकांना हे आधीच सांग, फोन करून, रविवारपर्यंत थांबू नकोस. ‘भाऊजी, ती आता मोठी होतेय, तिला गुदगुल्या-पापी नको वाटतं, आमच्याकडे आता नको म्हटलं की थांबायचं असं ठरलंय, तुम्हीही सांभाळा.’ एवढंच, आवाज नेहमीचा, वर चहाला या म्हण. आणि फोन मिस्टरांनी केला तर शंभर पटीने चांगलं. सरळ माणूस असेल तर त्याला क्षणभर वाईट वाटेल, ‘अरे हो का’ म्हणेल आणि पुढच्या वेळी लांबून टाळी देईल. आणि जो एवढं सांगूनही चिडवेल, ‘काय हो आजकालची थेरं’ म्हणून परत मुद्दाम ओढून घेईल, त्याच्याबद्दल तुला जे कळायचं ते कळलं. मग तो मावसभाऊ असो नाहीतर आणखी कोण असो, मुलं त्याच्यासोबत एकटी नकोत, आणि तू घरात असताना बैठकीच्या खोलीत तूही बस, भजी नंतर तळ.

सासूबाईंची अडचण वेगळी आहे, त्यांना मोठ्यांचा मान राहत नाही असं वाटतं. तो राहील. पाहुणे आले की नमस्कार करायचा, ‘बसा’ म्हणायचं, पाणी आणून द्यायचं, हे सगळं मुलीने करावंच, त्यात काही गैर नाही. फक्त अंगाला हात लावू द्यायचा की नाही हे तिचं. हे दोन वेगळे आहेत हे सासूबाईंना तू नीट सांगितलंस ना तर त्या ऐकतील, जुन्या बायका ऐकतात असा माझा अनुभव आहे, कारण त्यांच्यातल्या निम्म्या जणींना असला एखादा काका किंवा दीर मनातल्या मनात आठवत असतो. बोलत नाहीत एवढंच.

बरं, आता ती दोन-तीन महिने गप्प आहे त्याचं. याचं कारण काकाच असेल असंही नाही. चौथीला गणित अवघड होतं, भागाकार अडला की पुढचं सगळं अडतं, एखादी मैत्रीण दुसऱ्या बाकावर गेली असेल, एखाद्या बाईंनी वर्गासमोर ‘ढ’ म्हटलं असेल (हा शब्द तिला कुठून तरी मिळालाय हे नक्की), व्हॅनमध्ये मोठी मुलं चिडवत असतील. किंवा काहीतरी जास्त गंभीर असेल. हे तुला तिच्याकडूनच कळणार, पण समोर बसवून ‘सांग काय झालं, सांग ना, काकांनी काही केलं का’ असं विचारू नकोस. एक तर ती घाबरेल, आणि दुसरं म्हणजे आपण उत्तर तिच्या तोंडात घालतो, मग खरं काय ते आपल्यालाही कळत नाही.

मुलं समोरासमोर बोलत नाहीत, शेजारी शेजारी बोलतात. वेणी घालताना बोलतात, कारण तोंड पलीकडे असतं. स्कूटीवर मागे बसून बोलतात. मटार सोलताना, कपड्यांच्या घड्या घालताना बोलतात. रोज पंधरा मिनिटं असं काहीतरी काम तिच्यासोबत कर, फोन आत ठेवून, आणि तूच आधी तुझ्या बँकेतलं सांग, आज एका साहेबांनी मला सगळ्यांसमोर बोललं, मला रडूच येत होतं. मग गप्प बस. पोरं दोन-चार दिवस अंदाज घेतात आणि मग एकदम काहीतरी बाहेर येतं, ‘आई, आमच्या व्हॅनमध्ये ना...’ त्या वेळी तू फक्त ‘मग?’ म्हणायचं. ‘मग?’ आणि ‘अच्छा’. उपाय सुचवायचा नाही, ‘तू पण काहीतरी केलं असशील’ तर अजिबात म्हणायचं नाही.

गुड टच बॅड टच. मला हे शब्दच फारसे पटत नाहीत, कारण वाईट स्पर्श नेहमी वाईट लागतोच असं नाही, कधी गुदगुल्या होतात, कधी बरंही वाटतं, आणि मग मुलाला वाटतं मला बरं वाटलं म्हणजे माझीच चूक. त्यापेक्षा साधं सांग. चड्डी आणि बनियनच्या आतली जागा तुझी खाजगी, तिथे कोणी हात लावायचा नाही, बघायचं नाही, फोटो काढायचा नाही, आणि स्वतःची दाखवायची नाही किंवा तुला हात लावायला सांगायचं नाही. डॉक्टरांना बघावं लागलं तर आई किंवा बाबा तिथे असणार. आणि बाकी अंगाला सुद्धा, हात असो की गाल, तुला नको असेल तर नको. झालं. पाच मिनिटांत होतं, अंघोळीच्या वेळी, रस्ता कसा ओलांडायचा सांगतो त्याच आवाजात. एकदा सांगून सोडायचं नाही, अधूनमधून येत राहू दे.

यात एक अडचण येते ती शब्दांची. आपल्या घरांमध्ये या अवयवांना धड नावच नसतं. कोणी चिमणी म्हणतं, कोणी नुनू, कोणी काय काय, आणि बाळ उघडं फिरायला लागलं की ‘शेम शेम’. म्हणजे त्या जागेबद्दल पहिला शब्द शिकवतो तोच लाजेचा. आमच्या शाळेत एक छोटी पहिलीतली मुलगी तीन दिवस बाईंना सांगत होती की दादा माझ्या चिमणीला त्रास देतो, आणि बाई तिला म्हणायच्या, अगं पक्ष्यांना त्रास द्यायचा नसतो असं सांग दादाला. चौथ्या दिवशी कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला. योनी, शिश्न हे शब्द तुला घरात अवघड वाटतील, मला कळतं, पण एकदा तरी सांग की हे खरं नाव आहे, आणि रोजच्यासाठी निदान ‘शूची जागा’ म्हण जे कोणालाही कळेल. आणि नऊ वर्षांच्या मुलीला पाळीबद्दलही आता सांगायला हवं, आजकाल काही मुलींना दहाव्या-अकराव्या वर्षीही येते. ते कोणा मैत्रिणीकडून अर्धवट कळण्याआधी तुझ्याकडून कळू दे.

गुपितांचा नियम हा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सरप्राइज चालतं, बाबांच्या वाढदिवसाचा केक, कारण ते संध्याकाळी उघड होणारच असतं. पण कधीच कोणाला सांगायचं नाही असं गुपित मोठ्या माणसांनी मुलांना सांगायचं नसतं, आणि जो म्हणेल ‘आईला सांगू नको’ त्याचं आईला सगळ्यात आधी सांगायचं. आता गंमत अशी की हे गुपित ठेवायचं ट्रेनिंग आपणच देत असतो. ‘बाबांना सांगू नको हं आपण आईस्क्रीम खाल्लं’, ‘आजीला सांगू नको मी हे विकत आणलं’. ते बंद कर. मग एक दिवस तिच्याबरोबर पाच बोटांवर पाच मोठी माणसं मोज ज्यांना ती काहीही सांगू शकते, आई, बाबा, एखादी आत्या, आवडत्या बाई, खालच्या मजल्यावरच्या काकू, आणि एकाने ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांगायचं, ऐकेपर्यंत सांगत राहायचं. ही नावं तिने निवडायची. तुझं नाव पहिल्या बोटावर नसेल तर मनाला लावून घेऊ नकोस, रविवार अजून ताजा आहे.

मुलाचं विचारलंस. अगं गरज आहे, नक्की आहे, पाच वर्षांच्यालाही आहे. मघाशी सांगितला त्या अभ्यासात शोषण झालेल्यांत मुलगे निम्म्याहून थोडे जास्तच होते, ५३ टक्क्यांच्या आसपास. पण मुलांना आपण काय सांगतो, ‘मुलगा असून रडतोस’. मग तो कशाला येईल सांगायला? दोघांना एकत्र बसवून सांग. पॉक्सो कायदाही, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, १८ वर्षांखालच्या सगळ्यांसाठी आहे, मुलगा असो की मुलगी.

कायद्यावरून आठवलं, हे तुला लागू नये अशीच माझी इच्छा आहे पण माहीत असू दे. समजा वेणी घालताना ती असं काही बोलली की ज्याने तुझे हातपाय गार पडतील. तेव्हा तुझा चेहरा हे सगळं ठरवतो. किंचाळलीस, रडलीस, ‘आधी का नाही बोललीस’ म्हणालीस, तर ती तिथेच मिटेल आणि म्हणेल मी चेष्टा केली. हातातला कंगवा खाली ठेव आणि तीन गोष्टी सांग, माझा तुझ्यावर विश्वास आहे, तुझी काही चूक नाही, सांगितलंस ते खूप चांगलं केलंस. कोणाला सांगणार नाही असं वचन मात्र देऊ नकोस कारण ते तुला पाळता येणार नाही. खोदून खोदून विचारू नकोस, जेवढं बोलली तेवढं तिच्याच शब्दांत रात्री लिहून ठेव, तारीख टाक. प्रकार ताजा असेल तर तिचे कपडे धुवायला टाकू नकोस. आणि त्या माणसाला घरी बोलावून समोरासमोर ‘विचारू या’ म्हणणारे नातेवाईक निघतात, त्यांचं ऐकू नकोस.

मग १०९८ ला फोन कर, चाइल्डलाइन, मुलांसाठीची हेल्पलाइन, २४ तास चालू असते, १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाली आणि आता सरकारच चालवतं. किंवा ११२, पोलिसांच्या तातडीच्या मदतीचा नंबर. पॉक्सो २०१२ पासून आहे आणि त्यात मुलाच्या बाजूने बऱ्याच गोष्टी आहेत ज्या लोकांना माहीत नसतात म्हणून घाबरतात. मुलाचा जबाब घरी येऊन घेता येतो, शक्यतो महिला अधिकारी, आणि त्या वेळी पोलिसांनी गणवेशात नसायचं. मुलाला रात्री पोलीस स्टेशनला ठेवायचं नाही. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच करायची, आईवडील किंवा तिच्या विश्वासातलं कोणी सोबत, आणि त्यासाठी आधी एफआयआर झालेलीच पाहिजे असं नाही. नाव, फोटो, शाळा, काहीही छापायचं नाही. मुलाने सांगितलेलं खोटं निघालं तरी त्याबद्दल मुलाला शिक्षा नाही. आणि ‘घरची गोष्ट घरात’ म्हणणाऱ्यांना हे सांग की गुन्हा झाल्याचं कळूनही न कळवणं हाच गुन्हा आहे त्या कायद्यात, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि शाळेसारख्या संस्थेच्या प्रमुखाने दडवलं तर वर्षभरापर्यंत.

शाळेचं नाव निघालंच तर, ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला काय झालं ते तुला आठवत असेलच, बालवर्गातल्या दोन चिमुरड्यांवर शाळेतच अत्याचार झाला, लोक रेल्वे रुळांवर उतरले तेव्हा कुठे सगळं हललं. त्यानंतर सरकारने शाळांना सीसीटीव्ही, तक्रारपेटी, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी हे सगळं आदेश काढून सांगितलं, आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती तर त्याच्या आधी, २०२२ पासून, प्रत्येक शाळेत असायला हवी. पुढच्या पालकसभेत सगळे गृहपाठ आणि गॅदरिंगच्या ड्रेसवर बोलत असतील तेव्हा तू उठून विचार, आपल्या समितीत पालकांपैकी कोण आहे, तक्रारपेटी कुठे आहे, ती कोण उघडतं, मुलींच्या टॉयलेटकडे ताई असते की दादा, व्हॅनमध्ये बाई असते का. सगळे वळून बघतील. बघू देत. दुसऱ्या दिवशी चार आया व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज करतील की बरं झालं तू विचारलंस.

आता तो ढ शब्द. घरातून काढून टाक, चेष्टेतही नको. ‘बघ ती शेजारची अर्णवी कशी...’ हेही नको. पण त्याच्या जागी दिवसभर ‘तू किती हुशार, तू किती ग्रेट’ चालू करू नकोस, त्याचा उलटा परिणाम होतो. मानसशास्त्रज्ञ कॅरल ड्वेक आणि क्लॉडिया म्यूलर यांनी १९९८ मध्ये पाचवीच्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत, ज्यांना ‘हुशार आहेस’ म्हटलं ती पुढे अवघड कोडी टाळायला लागली, हरल्यावर लवकर सोडून द्यायला लागली, स्वतःचे मार्क सांगताना खोटंही जास्त बोलली, आणि ज्यांना ‘मेहनत चांगली केलीस’ म्हटलं ती टिकून राहिली. तर तिला दिसेल असं बोल, ‘काल तीन गणितं चुकली होती, आज तूच परत करून बघितलीस’. हे खोटं वाटत नाही मुलांना, कारण हे खरंच झालेलं असतं.

आणि तिला काम दे. खरं काम, लुटुपुटूचं नको. खालच्या दुकानातून दही आणायचं, पैसे मोजून द्यायचे, सुटे मोजून घ्यायचे. रविवारचे पोहे तिने करायचे, तू शेजारी उभी राहा पण हात घालू नकोस, करपले तर करपलेले खा सगळ्यांनी. बाबांच्या दुकानात महिन्यातून एखाद्या दिवशी खिळे वजन करायला बसू दे, बाबांशी बोलायला मिळेल तेवढंच. कपडे कुठले घालायचे, केस कापायचे की वाढवायचे, हे तिला ठरवू दे. चित्र काढून ‘कसं आहे’ विचारलं की ‘मस्त’ म्हणून मोबाईलमध्ये बघू नकोस, ‘हे कोण आहे उभं’ असं विचार. मला शाळेत तीस-तीस मुलांत लगेच ओळखू यायचं की घरी कोणाचं बोलणं ऐकलं जातं. ती मुलं हुशार असायचीच असं नाही, पण ‘बाई, तुम्ही फळ्यावर चुकलात’ म्हणायची.

मारत असशील तर तेही थांबव. तू लिहिलं नाहीस, पण लिहीत नाही कोणीच. आपल्याला राग आला की तिच्या अंगावर हात टाकायचा आणि मग तिला सांगायचं की तुझं अंग तुझं आहे, हे तिला जुळवता येत नाही.

मिस्टरांना हे पत्र वाचायला दे हवं तर. त्यांचा आपल्या भावावर विश्वास आहे, बरोबर आहे, लहानपणापासून एका ताटात जेवले असतील, त्यांना वाटतं तू आरोप करतेस. त्यांना म्हण, भाऊजींबद्दल मी काहीच म्हणत नाही, मी तुझ्या मुलीबद्दल बोलतेय, ती बाथरूममध्ये कडी लावून बसली होती, तू तिला जाऊन विचार की तुला काय हवं. बाबांनी विचारलं ना की मुलीची मान अशी वर होते, तू बघच.

महिनाभर हे सगळं करूनही ती तशीच गप्प राहिली, झोपेत ओरडायला लागली, अंथरुणात शू करायला लागली, जेवण कमी झालं, एखाद्या ठराविक माणसाचं नाव काढलं की पोटात दुखतं म्हणाली, तर बालरोगतज्ज्ञांना विचारून मुलांच्या समुपदेशकाकडे जा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात, तुझ्या स्वतःच्या झोपेसाठीही लाव.

कारल्याचा रस नको लावूस. नुसतं कडू लागल्याने नखं खायची सवय सुटतेच असं नाही, मुलं रस चाटून संपवतात आणि वर अजून एक गोष्ट होते ज्याबद्दल ओरडा खायचा. रविवारी सकाळी उन्हात बसून नेलकटर घे आणि तिचे हात मांडीवर घेऊन नीट कापून दे. काकांच्या आधी. आणि हात हातात घेताना विचार, ‘घेऊ का?’